कोकणात रोजच्या वापराला न मिटणारी सुरी: कंपॅनियन, कान्सबोल की गार्बर्ग?

कातळवाट

एकच सुरी घ्यायची आहे, म्यानात राहणारी, न मिटणारी. यादी करता करता मोराक्निव या स्वीडिश कंपनीच्या चार मॉडेलांवर येऊन अडकलो आहे. चारही दिसायला सारखीच, आणि वर्णनं वाचून फरक नीट उलगडत नाही.

१. कंपॅनियन, स्टेनलेस: पातं १०४ मिमी, जाडी २.५ मिमी
२. कंपॅनियन हेवी ड्यूटी: लांबी तीच, जाडी ३.२ मिमी
३. कान्सबोल: १०९ मिमी, जाडी २.५
४. गार्बर्ग: १०९ मिमी, जाडी ३.२, पातं मुठीच्या टोकापर्यंत अखंड

कामं अशी: बागेत बारीक फांद्या, सुंभ आणि नायलॉनची दोरी कापणं, बांबूच्या कामट्या तासणं, कैऱ्या-फणस, बांगडे साफ करणं, अधूनमधून होडीवर, आणि घाटमाथ्यावर भटकंतीला गेलं तर चुलीपुरतं सरपण. घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. कोयती घरात आहेच. गार्बर्ग कंपॅनियनच्या कैक पट महाग आहे. तेवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का? कार्बन स्टीलचं पातंही मिळतं, ते घ्यावं का?

खाडीकाठ

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटाकडे आलंय: कोयती घरात आहे. परदेशातले लोक जाड पात्याची सुरी सुचवतात, कारण त्यांच्या हातात बहुतेक वेळा ती एकच असते. लाकूड फोडणं, फांदी तोडणं, सगळं तिनेच. आपल्याकडे ते काम आकडीला लटकलेली कोयती करते, आणि कुठल्याही ३.२ मिमीच्या सुरीपेक्षा कितीतरी चांगलं करते. त्यामुळे सुरीने फक्त कापायचं, सोलायचं, तासायचं. त्याला पातळ पातं हवं.

२.५ आणि ३.२ हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पण दोन हिशोब करून बघा. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३.२ चं पातं २.५ च्या दुपटीहून किंचित जास्त ताठ. हा फायदा. तोटा कापण्यात आहे. या सगळ्या सुऱ्यांना स्कँडी धार असते: पातं बहुतेक उंचीभर सपाट, आणि खाली एकच सरळ उतार थेट धारेपर्यंत. दोन्ही बाजू मिळून २५ अंशांच्या आसपासचा कोन धरला, तर २.५ च्या पात्यावर उतार साधारण साडेपाच मिमी उंच येतो, ३.२ वर सात. म्हणजे फळात सात मिमी शिरेपर्यंत पातं पूर्ण जाड झालेलं असतं. त्यापुढे ते कापत नाही, पाचरीसारखं फाकवतं. कडक कैरी, सुरण, कच्ची पपई चिरताना फोड कापली जात नाही, कटकन तडकते आणि वाकडी जाते.

माझा कौल क्रमांक १ किंवा ३ ला. दोहोंत खरा फरक असा, की कान्सबोलचं पातं टोकाकडच्या भागात घासून आणखी पातळ केलेलं असतं. बांगड्याचं पोट उघडायला, कल्ले काढायला, कांदा चिरायला ते टोक फार सोयीचं. त्याच कारणाने ते टोक नाजूकही आहे. आणि कान्सबोलच्या पाठीची कड काटकोनात घासलेली असते, चकमकीचा दांडा घासून ठिणगी पडते. कंपॅनियनची पाठ त्या कामाला नीट चालत नाही, कानशीने कड काढून घ्यावी लागते.

तांडेल_हर्णै

वरच्याशी सहमत, पण होडीचा विषय वेगळा मांडतो.

होडीवर सगळ्यात जास्त कापली जाते ती दोरी. गुळगुळीत पॉलिश केलेली धार नायलॉनवर आणि प्लास्टिकच्या दोरीवर घसरते. ४०० नंबरच्या दगडावर (आकडा लहान तितका दगड खरखरीत) थांबवलेली खरखरीत धार तीच दोरी एका ओढीत कापते. म्हणजे सुरी तीच ठेवून फक्त धार बदलायची. हे मॉडेल बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी.

टोकदार सुरी हलत्या होडीत धोक्याची. पायाला किंवा प्रॉपेलरला जाळं अडकलं की घाईत सुरी अंगाकडे ओढली जाते. होडीसाठी कायमची ठेवायची असेल, तर टोक बोथट असलेली, अर्धी दातेरी अशी बचावाची सुरी वेगळी घ्यावी. सर्वकामी सुरीच्या मुठीला दोरी बांधून तिच्या टोकाला छोटा बोया लावा. यांतली एकही सुरी पाण्यावर तरंगत नाही.

कालवं फोडायला यांतली कुठलीच सुरी वापरू नका. फटीत टोक घालून पिळलं की टोक मोडतं, मग ते २.५ असो की ३.२. त्याला जाड बोथट लोखंडच हवं. तिसऱ्यांना घरची विळी आहेच.

सुरमईचे तुकडे पाडायलाही नाही. मधल्या काट्यावर दाबून सुरी पिळली जाते आणि धार मुडपते. तिथे कोयता.

कातळवाट

छान माहिती. एक विचारतो. चारही स्टेनलेस आहेत, म्हणजे गंजाची काळजी मिटली असं धरू का? घरातली स्टीलची भांडी वर्षानुवर्षं गंजत नाहीत.

पोलादखुणा

नाही, असं धरू नका. इथेच बहुतेकांची फसगत होते.

भांड्याचं स्टील बहुधा ३०४ जातीचं असतं: १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ते गंजाला फार चांगलं, पण तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं तरी कडक होत नाही, म्हणून त्याला टिकाऊ धार येत नाही. सुरीच्या स्टीलला कडकपणासाठी कार्बन लागतो. कंपॅनियन आणि कान्सबोलमध्ये १२सी२७ जातीचं स्टील आहे: कार्बन ०.६ टक्के, क्रोमियम साडेतेरा. गार्बर्गमध्ये १४सी२८एन: कार्बन तेवढाच, क्रोमियम १४, शिवाय थोडा नायट्रोजन. नायट्रोजनमुळे ते गंजाला एक पायरी वर जातं. पण यातलं काही क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि गंज रोखायला उरत नाही. त्यामुळे दोन्ही ३०४ पेक्षा कमीच.

मिठाचं पाणी पृष्ठभागावर सगळीकडे सारखा गंज आणत नाही, ते एखाद्या ठिकाणी भोक पाडतं. वरून टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका दिसतो, आत खड्डा खोल जातो. असा खड्डा धारेवर पडला की तिथे दाता तुटल्यासारखा होतो. हे होतं ते सुरी वापरात असताना नाही, ओली सुरी म्यानात गेल्यावर. आत हवा खेळत नाही, पाणी वाळत नाही, मीठ राहतं.

उपाय साधा आहे: खाऱ्या पाण्याचा किंवा मासळीचा स्पर्श झाला की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणं, पुसणं, आणि तासभर म्यानाबाहेर ठेवणं. हे करणार असाल तर १२सी२७ पुरेसं आहे. हे होणारच नसेल तर १४सी२८एन सुद्धा वाचवणार नाही. म्हणून केवळ स्टीलसाठी गार्बर्गला एवढे जास्त पैसे द्यावेत असं मला वाटत नाही.

साइटवर नुसतं ‘हाय ग्रेड स्टेनलेस’ लिहिलेलं असेल आणि स्टीलची जात दिलेली नसेल तर ती सुरी सोडून द्या. हल्ली ‘डी२’ जातीच्या स्टीलच्या स्वस्त सुऱ्या स्टेनलेस म्हणून विकतात. त्यात क्रोमियम १२ टक्के असलं तरी कार्बन दीड टक्का असतो. समुद्रकाठी ती ठिपके धरते.

लोहारसाळ

कार्बन स्टीलची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

धार लावायला ते सोपं, दगडावर पटकन उतरतं, आणि कामट्या तासताना धारेचा जो चावा मिळतो तो मला स्टेनलेसमध्ये मिळत नाही. गंजतं, हे खरं. पण आपल्याकडच्या कोयत्या सगळ्या कार्बन स्टीलच्याच आहेत आणि पिढ्यान् पिढ्या टिकतात. काम झालं की पुसून तेलाचं बोट फिरवतात, एवढंच.

नव्या पात्यावर मुद्दाम काळसर थर चढवून घेता येतो:
– साबणाने, मग स्पिरिटने पुसून तेलकटपणा पूर्ण काढा. बोटाचा ठसा राहिला तर तिथे डाग उठतो.
– पांढरं व्हिनेगर कोमट करून पातं २० ते ३० मिनिटं बुडवा. मूठ बाहेर.
– मऊ कपड्याने पुसा. रंग फिका वाटला तर पुन्हा एकदा.
– खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवून आम्ल मारा, वाळवा, तेल लावा.

कोकमाच्या आगळात बुडवायचा सल्ला फिरतो, तो मानू नका. आगळात मीठ असतं. थराऐवजी खड्डे पडतील. लिंबू-मिठाने गंज घासायचा सल्लाही त्याच कारणाने चुकीचा. तांबूस गंज दिसला तर खाण्याच्या सोड्याची घट्ट लापशी आणि बाटलीच्या बुचाचा तुकडा, नाहीतर १००० चा वॉटर पेपर तेलात भिजवून.

आंबा_बागायत

कार्बनबद्दल एक अडचण कोणी लिहिली नाही. केळफूल, ओली सुपारी, काजूची बोंडं, कच्चा फणस, या सगळ्यांत टॅनिन असतं. लोखंडाशी त्याचा संयोग होऊन काळा रंग तयार होतो. पातं तर काळं पडतंच, भाजीही काळी पडते आणि चवीला लोखंड लागतं. कैरीच्या फोडींचंही तेच. सुरी स्वयंपाकघरातही फिरणार असेल तर कार्बन नको.

फणसासाठी: १०४ मिमीच्या सुरीने आख्खा फणस फोडायचा प्रयत्न करू नका, तो कोयत्यानेच. मधला दांडा काढायला आणि गरे सोडवायला सुरी. आधी पात्याला आणि हाताला खोबरेल. चीक बसलाच तर आधी तेलाने सोडवा, नंतर साबण. पाण्याने सुरुवात केलीत तर चीक घट्ट होऊन बसतो आणि मग लोक तारेच्या घासणीने पातं ओरबाडतात. त्या ओरखड्यांत पुढे गंज धरतो.

कलमं बांधायला मात्र यांतली कुठलीच सुरी चालणार नाही. कोय कलमाची पाचर सपाट यावी लागते. दोन्ही बाजूंनी उतार असलेलं पातं काडीत तिरकं वळतं, काप अंतर्गोल होतो आणि खुंट-काडी नीट चिकटत नाहीत. कलमाचा चाकू एका बाजूने उतार दिलेला असतो, तो वेगळाच ठेवा आणि फक्त त्याच कामाला वापरा.

सड्यावरचो

लाकडां फोडूचा काम कोयत्याचा. सुरयेन करू नुको. पातळ पाता घेवा.

कातळवाट

स्टेनलेस नक्की. आता मुठीचा प्रश्न. गार्बर्ग अखंड टँगची (टँग म्हणजे मुठीत शिरणारं पात्याचं शेपूट) आहे, कंपॅनियनचं पातं मुठीत अर्ध्याच्या पुढे जाऊन थांबतं असं वाचलं. ती मुठीपाशी मोडेल का?

खाडीकाठ

कापण्या-तासण्याने नाही मोडणार. कंपॅनियनचं शेपूट मुठीच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंत जातं आणि मूठ त्याच्याभोवती साच्यात ओतलेली असते. मोडण्याचे प्रकार दोन. एक, सुरी फटीत घालून आडवी पिळणं: डबे उघडणं, खिळे उचकटणं. दोन, लाकडावर ठेवून पाठीवर दांडक्याने ठोकून फोडणं. दुसरं करायची वेळ आलीच तर मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच, गाठ टाळून, आणि ठोकताना मूठ खाली दाबायची नाही. बहुतेक जण टोकावर ठोकता ठोकता मूठ जोरात खाली रेटतात, सगळा ताण मुठीच्या तोंडाशी येतो. ठोकायला लाकूडच, दगड किंवा हातोडी नाही.

सुका बांबू आणि नारळाची करवंटी या दोन वस्तू स्कँडी धारेच्या शत्रू. बांबूच्या पेराच्या गाठीत सुरी आडवी हलवलीत तर धारेचा कपचा उडतो. कामट्या काढताना गाठ आधी कोयतीने फोडून घ्या.

पोलादखुणा

टँगबद्दल एक भर. समुद्रकाठी ‘अखंड टँग म्हणजे चांगली’ हे नेहमी खरं नाही. लाकडाच्या किंवा मायकार्टाच्या (राळेत दाबलेल्या कापडाच्या) फळ्या रिव्हेटने ठोकलेल्या सुऱ्यांत, फळी आणि टँगच्या मधल्या फटीत खारं पाणी शिरतं. दिसत नाही, वाळत नाही. फळी उचलली जाते तोवर आत थर साचलेला असतो. अशी सुरी घेतलीत तर फट एपॉक्सीने बंद आहे का ते बघा. साच्यात ओतलेली मूठ या बाबतीत उजवी, कंपॅनियन असो की गार्बर्ग.

रबरी पकडीच्या मुठीला एक धोका डास पळवणाऱ्या क्रीमचा. त्यातलं डीट हे रसायन काही प्लास्टिक आणि रबर मऊ करतं. क्रीम लावलेल्या हाताने सुरी धरत राहिलात तर मूठ चिकट होते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. हात पुसून मग धरा.

आणि चामड्याचं म्यान नको. गार्बर्ग चामड्याच्या आणि प्लास्टिकच्या, दोन्ही म्यानांत मिळते. जून लागला की चामड्याला बुरशी धरते, चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेले क्षार पात्याला लागतात. प्लास्टिकच्या म्यानाला तळाशी भोक असतं, ते वाळूने बुजत नाही ना एवढं बघत जा. आत अडकलेली वाळू पात्यावर रेघा ओढते. महिन्यातून एकदा म्यान गोड्या पाण्याने खळखळून धुवून उलटं टांगायचं.

लोहारसाळ

स्थानिक लोहाराकडून करून घ्यायचा पर्यायही बघा. ट्रकच्या पाट्याचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) स्टील सुरीला चांगलं असतं. पण सांगताना पुढच्या गोष्टी स्पष्ट सांगा, नाहीतर छोटी कोयती मिळेल.

जाडी पाठीला ३ मिमी, त्याहून जास्त नको. जुना पाटा नको, नव्याचा तुकडा आणा, कारण वर्षानुवर्षं हिसके खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात आणि पाणी देताना (तापवून, बुडवून कडक करताना) त्या उघडतात. पाणी देणं म्हणतो तरी या स्टीलला तेलातच बुडवायचं, थेट पाण्यात तडकतं. नंतर २०० अंशांच्या आसपास तासभर, शक्य तर दोनदा, शेकून कडकपणा थोडा उतरवायचा. घरच्या ओव्हनमध्येही होतं.

तपासायचं कसं: चांगली कानस धारेजवळ अलगद फिरवा. काचेवरून घसरल्यासारखी सरकली तर पाणी बरोबर. चावली तर मऊ आहे. कोयत्या मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे बागेतच कानशीने धार करता येते आणि दगडावर आपटली तरी कपचा उडत नाही. सुरीला तो मऊपणा नको.

कातळवाट

आणि धार कशी लावायची? दगड कोणता?

खाडीकाठ

१००० आणि ३००० चा एक दुहेरी दगड, आणि कपचा उडाला तर लागणारा ४००. दगड नसेल तर त्याच नंबरचे वॉटर पेपर काचेच्या पट्टीवर चिकटवा. कागदावर सुरी फक्त मागे, पाठीच्या दिशेने ओढायची. धारेच्या दिशेने ढकलली तर कागद फाटतो.

स्कँडीची सोय अशी की कोन शोधावा लागत नाही. पातं दगडावर टेकवा, पाठ किंचित उचला, उतार पूर्ण सपाट बसला की हाताला कळतं. दोन बोटं उतारावर दाबून तोच कोन ठेवत घासा. टोकाच्या वळणावर मूठ थोडी वर उचलावी लागते. न उचलल्यास टोकाजवळचा भाग दगडाला लागतच नाही आणि काही महिन्यांत टोक बोथट राहतं. दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक तार खरखरली, धारेच्या पूर्ण लांबीवर, की बाजू बदला. तार अर्ध्याच लांबीवर आली असताना बाजू बदलणं ही सगळ्यात मोठी चूक. मग ३०००, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पॉलिशची हिरवी पेस्ट लावून १५-२० वेळा मागे ओढणं. पट्टा फळीवर चिकटवलेला हवा, सैल धरला तर धार गोल होते.

आता माझी आवड. कंपनीची धार अगदी शून्यापर्यंत तासलेली असते, बांबूत लवकर कपचे उडतात. शेवटी पाठ आणखी किंचित उचलून, दर बाजूला तीन-चार हलके हात ३००० वर मारा. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा दुसरा उतार येतो. तासण्यात फरक जाणवत नाही, धार मात्र पुष्कळ जास्त टिकते.

धार लावणाऱ्याच्या कोरड्या चाकावर देऊ नका. धार निळी पडली म्हणजे ती किमान ३०० अंशांच्या आसपास तापली, तिथलं पाणी उतरलं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय ती पुन्हा टिकत नाही.

तांडेल_हर्णै

कायद्याचंही लिहून ठेवतो, कारण कमरेला सुरी लावून बाजारात जाण्याचा प्रश्न येतो. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची वर्गवारी आहे, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठीची अवजारं त्यातून वगळली आहेत. १०९ मिमी म्हणजे सव्वाचार इंच. पण सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. त्यात सुरे बाळगायलाही बंदी असते, लांबी कितीही असो. त्या दिवसांत सुरी बागेत किंवा घरात. प्रवासात पिशवीच्या तळाशी, म्यानात. विमानात फक्त चेक-इन सामानात.

कातळवाट

ठरवलं: कान्सबोल, प्लास्टिकच्या म्यानासह. बांबूचं काम बेताचं आहे आणि मासळी जास्त, म्हणून पातळ टोक. शेवटचा प्रश्न. जून-जुलै मासेमारी बंद, बागेतलं कामही कमी. तेव्हा सुरी दोन-अडीच महिने पडून राहणार. कशी ठेवू?

पोलादखुणा

म्यानात नको, हा पहिला नियम. धुवून, वाळवून पात्याला खोबरेलाचा अगदी पातळ हात. ते लवकर खवट होत नाही, खाण्यात गेलं तरी चालतं. थेंब ओघळेल इतकं लावू नका, त्यावर धूळ बसून ओल धरते. मग कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओलावा ओढतो. मिठाच्या बरणीच्या फडताळात डबा ठेवू नका. दर पंधरा दिवसांनी उघडून मूठ आणि पातं जिथे मिळतात ती रेघ बघा, पहिला ठिपका तिथेच येतो.